लाल पेन आणि कांगलां

‘मुलं लिहितच नाहीत. मलाच शिकवता येत नाही का?’ सराव पाठ सुरू झाले की डी.एल.एड.ची (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची) मुलं-मुली हे हमखास विचारतात. गोव्यात फोंड्याकडच्या एका मराठी शाळेत चौथीला पाठ घेणारी मुलगी तर वह्यांचा गठ्ठाच घेऊन आली. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) पहिल्या आठवड्यात ‘चवथ’ (गणेश चतुर्थी) या विषयावर मुलांनी पानभर लिहिलं. तिने रात्री जागून एकूणएक चूक काढली. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांच्या चार-चार ओळी, त्याही निबंधमालेतल्यासारख्या.

एक वही उघडली. ‘पप्पा रानातून कांगलां हाडतात आणि माटोळीला बांदतात.’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट; कांगलां ही त्यातली रानफळं.) तीन शब्दांभोवती लाल गोल. गठ्ठ्यातलं सर्वांत जिवंत वाक्य, आणि सर्वांत लाल तेच!

तिला म्हटलं, हे तीन गोल एका जातीचे नाहीत. ‘कांगलां’ ही चूकच नव्हे. त्या फळांना इथे दुसरं काय म्हणणार? ‘हाडतात’ ही घरची कोकणी. खोडू नकोस, वर पेन्सिलीने ‘आणतात’ लिही. ‘बांदतात’ मात्र शुद्धलेखनाचं: बोलण्यात ‘ध’चा ‘द’ होतो, मूल ऐकलं तसं लिहितं. बांध, दूध, आंधळा हे शब्द वर्गात मोठ्याने म्हणून घे, मग लिहायला सांग. एका लेखनात एकाच जातीची चूक तपासायची. सगळ्या काढल्या की मूल खात्रीच्या शब्दांपलीकडे जातच नाही.

पाठाच्या टाचणातही घोळ होता. पस्तीस मिनिटांपैकी वीस ती स्वतःच बोलत होती. आम्ही तास नव्याने मांडला: 5 मिनिटं शेजाऱ्याला सांगणं, 5 फळ्यावर शब्द, 15 लेखन, 10 वाचन. विषयही आवळला: ‘माटोळी बांधताना कोण कुठे उभं होतं?’

पुढच्या पाठाला फळा शब्दांनी भरला आणि मुलं तेच उतरवत बसली. आठ-दहा शब्द पुरेत. लिहिणं सुरू झालं की पुसून टाकायचे.

तिची शेवटची धास्ती निरीक्षकांची: न तपासलेल्या चुका दिसल्या तर गुण जातील. त्यावर उपाय सोपा. टाचणाच्या उद्दिष्टात आणि वहीच्या समासात आधीच लिहायचं, ‘आज फक्त ध-द’.