मोठ्या फुटबॉल क्लबकडून खेळताना अभिमान जास्त वाटतो की प्रेशर जास्त असतं?

दोन्ही सोबतच येतं भाऊ, वेगळं करता येत नाही. मी भुसावळचा, लहानपणी इथं ग्राउंडवर खेळलोय, आमची टीम हरली की दोन दिवस चहाच्या टपरीवर जायची सोय नसायची, आता विचार करा १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर पब्लिक होतं, तिथलेच दोन कट्टर क्लब समोरासमोर, ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ मारलं, ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, तो हिरो झाला पण मोहन बागानच्या डिफेंडर लोकांची ती रात्र कशी गेली असेल! आणि बागानवाल्यांवर तर १९११ पासूनचं ओझं, तेव्हा बहुतेक सगळे अनवाणी खेळून गोऱ्यांच्या रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शिल्ड ही ट्रॉफी आणलेली.

बाहेरचं बघायचं तर मँचेस्टर युनायटेडची ७ नंबरची जर्सी. ती घातलेले कोण, तर बेस्ट, कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो. २०१४ ला अर्जेंटिनाचा डी मारिया रिअल माद्रिदकडून जवळपास ६० मिलियन पाउंडला आला, तेव्हाचा ब्रिटिश ट्रान्सफर रेकॉर्ड, हीच जर्सी मिळाली आन एका सीझनमध्ये गडी पॅरिसच्या क्लबला गेला. प्लेअर खराब होता का? अजिबात नाही, त्याच वर्षी मे महिन्यात रिअलकडून चॅम्पियन्स लीग फायनलचा मॅन ऑफ द मॅच तोच होता, २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला गोलपण केला. (मँचेस्टरला घरी चोर घुसायला बघत होते, तेपण एक झालं.) अर्जेंटिनाची जर्सी काय हलकी असते का, पण ती त्याला पेलली, ही नाही पेलली.