पहिली सुरी, पण स्टील कुठलं?

प्रश्न : नमस्कार सर, मी इचलकरंजीचा, लूमच्या मेंटेनन्सचं काम करतो. घरात भाजी कापायला एक सुरी स्वतः बनवायची आहे. अँगल ग्राइंडर आहे, कोळशाची छोटी भट्टी आणि ब्लोअर पण जमवलाय. मामांनी ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा फुकट दिलाय आणि मित्र म्हणतो डी-२ स्टील घे, धार लवकर जात नाही. काय घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. पाट्याचं स्टील वाईट नाही हो, आपल्याकडचे लोहार कोयते त्याचेच करतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. पण ट्रकचा पाटा आठ-दहा मिमी जाड सहज असतो, वर बाक, आणि तुम्हाला पाहिजे तीन मिमीच्या आतलं पातं, म्हणजे ऐरणीवर ठोकून पातळ करायचा, जे हात बसल्याशिवाय जमत नाही, नाहीतर निम्म्याहून जास्त स्टीलची ग्राइंडरवर धूळ करायची. शिवाय जुना पाटा खड्ड्यांवर वाकून वाकून थकलेला असतो, बारीक चिरा डोळ्याला दिसत नाहीत, पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून बुडवल्यावर, त्या उघडतात, तोपर्यंत तुमचे दोन-तीन रविवार गेलेले असतात. आणि तो कुठल्या ग्रेडचा, ईएन-४५ आहे की ईएन-४७ की अजून काही, हे भंगारवाला सांगू शकत नाही. ग्रेड माहीत नसेल तर तापवायचं किती हाच अंदाज होऊन बसतो. फुकटचं स्टील महाग पडतं ते असं.

डी-२ म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम, डाय-पंचसाठी एक नंबर. पण ते हजार अंशांच्या वर नेऊन तिथं स्थिर धरून ठेवावं लागतं. कोळशात रंग बघून हे होत नाही, कंट्रोलरवाली फर्नेसच पाहिजे. तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत, फक्त तुमची भट्टी बघून सांगत नाहीत.

तुम्ही साधं कार्बन स्टील घ्या, कार्बन ०.८ टक्क्याच्या जवळपास. अमेरिकेत नवीन माणसाला १०८४ घ्यायला सांगतात ते हेच. आपल्याकडे ईएन-४२ किंवा सी-८० ची ३ मिमी पट्टी विचारा, कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोलीकडे चौकशी करा, आणि अ‍ॅनील्ड (तापवून मऊ केलेली) आहे ना ते बघून घ्या, हॅकसॉने नीट कापली गेली पाहिजे. टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स मागायला लाजू नका. नाहीच मिळालं तर ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं टूल स्टील, टूलरूमवाल्यांकडे असतंच, पण ते ८०० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं धरावं लागतं, कोळशावर ती कसरत आहे.

०.८ च्या स्टीलचा फायदा हा की त्यातला कार्बन पटकन विरघळतो, धरून बसावं लागत नाही. साधारण ७७० अंशांना त्याला लोहचुंबक चिकटायचं बंद होतं, त्याच्या पुढे रंग अजून एक छटा उजळ होऊ द्या, म्हणजे ८१५ च्या आसपास, आणि लगेच कोमट तेलात सरळ बुडवा, आडवं हलवू नका, पातं वाकतं. हे काम उन्हात करू नका, रंग कळत नाही. तेल ५०-६० अंशांचं, शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं चालतं, डबा पत्र्याचा आणि झाकण हाताशी, कारण भडका उडतो. गाडीचं जळकं ऑइल अजिबात नको, त्याचा धूर घातक असतो. पाण्यात तर बुडवूच नका, तडकलं की संपलं. धारेची बाजू आधीच पातळ करू नका, एक मिमी राहू द्या. बाहेर काढल्यावर कानस त्यावरून नुसती घसरली पाहिजे, म्हणजे पातं कडक झालं, चावली तर परत तापवा. घसरली तर त्याच दिवशी ओटीजीत (घरच्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास, थंड होऊ द्या, परत दोन तास. हे टाळलं तर पातं काचेसारखं फुटतं.

हे स्टील गंजतं, लिंबू-कांदा कापला की काळं पडतं. पुसून ठेवायचं, बस. मामांचा पाटा पुढं कोयत्याला ठेवा.

प्रश्न : गंजायला नको म्हणून मी ३०४ स्टेनलेसच्या पट्टीची सुरी केली, दिसते छान पण चार टोमॅटोत धार जाते. काय चुकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, धार लावण्यात काही चुकलेलं नाही. ३०४ भांड्यांचं स्टील, तापवून बुडवलं तरी ते कडक होतच नाही. ४२० किंवा ४४०सी घ्या, ही कडक होणारी स्टेनलेस, आकार देऊन सातपूर-अंबडच्या एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या, तो एका सुरीसाठी भट्टी लावणार नाही, दुसऱ्याच्या लॉटमध्ये टाका म्हणावं.

प्रश्न : जुन्या कानशीची सुरी होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होते, चांगल्या कंपनीची असेल तर. स्वस्तातल्या काही कानशी फक्त वरून कडक असतात, आत मऊ. म्हणून टोकाचा तुकडा तोडून, दाते घासून काढून तापवा, तेलात बुडवा, मग दुसरी कानस फिरवून बघा. घसरली तर घ्या कामाला.