शाखांचे लॉग एका सर्व्हरवर: लाइन तुटल्यावर नोंदी कुठे जातात?

मिरज, तासगाव आणि विटा येथील शाखांमधील उबुंटू संगणकांचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, आपण आरसिसलॉग या लॉग गोळा करून पाठवणाऱ्या प्रोग्रामद्वारे सांगलीच्या मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर पाठवता, पण शाखेची लाइन गेली की मधल्या वेळेच्या नोंदी सर्व्हरवर कधीच येत नाहीत, असे आपण लिहिले आहे. आपण दिलेल्या ओळीत सर्व्हरच्या पत्त्याआधी एकच @ आहे. त्याचा अर्थ यूडीपी ही माहिती नुसती पाठवून देणारी पद्धत, आणि यूडीपीला पोचपावती नसते. @@ लिहिल्यास टीसीपी, म्हणजे आधी जोडणी करून पाठवण्याची पद्धत, वापरला जातो, मात्र तेवढ्यावर थांबू नका, कारण वेगळे काही सांगितले नसेल तर सर्व्हर न सापडल्यावर आरसिसलॉग त्या नोंदी सोडून देतो.

त्यासाठी पाठवण्याच्या क्रियेला स्वतंत्र रांग, म्हणजे न गेलेल्या नोंदी थांबवून ठेवणारी जागा, लावावी लागते. रांगेला फाइलचे नाव अवश्य द्या, कारण नावाशिवाय ती डिस्कवर उतरतच नाही. डिस्कवरील जागेला मर्यादा घाला, बंद होताना रांग जतन करण्याचा पर्याय चालू ठेवा आणि पुनःप्रयत्नांची संख्या -१, म्हणजे अमर्याद, करा. लाइट अचानक गेली तर रांगेचा मेमरीतील भाग वाचत नाही, त्यामुळे यूपीएस हवाच. जोडणी तुटण्याच्या नेमक्या क्षणी टीसीपीतूनही काही नोंदी हरवू शकतात. तेही चालणार नसेल तर रेल्प ही लॉग पाठवण्याची पद्धत वापरा, त्यात प्रत्येक नोंदीची पोच मिळते.

मग तपासणी करा. लॉगर या आज्ञेने १ ते १०० क्रमांकाच्या नोंदी सेकंदाला एक अशा पाठवा, तिसाव्या नोंदीला नेटवर्कची केबल काढा, सत्तराव्या नोंदीला पुन्हा लावा आणि सर्व्हरवर मोजा. केबल लावताच नोंदी दिसल्या नाहीत तरी थांबा, कारण पुनःप्रयत्न सुरुवातीला ३० सेकंदांच्या अंतराने होतात.

घड्याळाकडे मात्र विशेष लक्ष द्या. आमच्या एका शाखेत जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपला होता. लाइट जाऊन आली की त्याच्या पहिल्या नोंदींवर भलतीच तारीख पडे आणि रात्री कोणी लॉगिन केले असावे या संशयात आमचे दोन दिवस गेले. नोंदी लिहिण्याच्या जुन्या सिसलॉग स्वरूपात तर वर्ष आणि टाइमझोनही नसतो. म्हणून सर्वत्र नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम बसवा, २००९ च्या आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या मानकाचे स्वरूप वापरा आणि सर्व्हरवर संगणकाने सांगितलेली वेळ व नोंद पोहोचल्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवा.

शाखांची लाइन इंटरनेटवरून येत असेल तर सिसलॉगचा नेहमीचा ५१४ पोर्ट उघडा ठेवू नका. टीएलएस, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीसह, ६५१४ वापरा. लॉग किमान १८० दिवस जपण्याचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा निर्देश लक्षात घेऊन डिस्क घ्या, आणि सर्व्हर तळमजल्यावर असेल तर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवून तो आधी वरच्या मजल्यावर हलवा.