न्हाणीघराच्या टाइल्सना पुन्हा सीलर लावावा का?

प्रश्न : आमच्या न्हाणीघरातील सिरॅमिक टाइल्सना बारा वर्षे झाली. बोअरवेलच्या पाण्याने त्यांवर पांढरे थर बसतात आणि फटी काळ्या पडल्या आहेत. सर्व टाइल्सना पुन्हा सीलर लावावा का?
– एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सीलर म्हणजे पाणी आत मुरू नये म्हणून लावायचा द्रव. तो टाइल्सना नव्हे, फटींना लावावा. चकाकी असलेल्या सिरॅमिक टाइलच्या पृष्ठभागात सीलर मुरत नाही, उलट त्याचा चिकट थर वर राहतो. पाणी शोषतो तो सांध्यांतील सिमेंटचा ग्राउट. त्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. काही मिनिटांत तो भाग गडद झाला, तर सीलरची गरज आहे. ग्राउट इपॉक्सीचा (पाणी न शोषणाऱ्या रेझिनचा) असल्यास हा खटाटोप मुळीच नको.

खरे कष्ट सीलर लावण्यापूर्वीचे आहेत. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ॲसिड पांढरे डाग काढते खरे, पण ते सिमेंटही खाते, आणि ब्लीचमध्ये मिसळल्यास त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. त्यापेक्षा सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश बरा. भुसभुशीत झालेला ग्राउट खरवडून नवा भरावा, तो डब्यावरील सूचनेइतके दिवस पक्का होऊ द्यावा, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच मुरणारा सीलर लहान ब्रशने लावून टाइलवर आलेला लगेच पुसून घ्यावा. नाशिकच्या दमट पावसाळ्यात हे काम काढू नये, मार्च-एप्रिल उत्तम. भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन भरावे.

पांढऱ्या थरांसाठी अंघोळीनंतर भिंतीवरून वायपर फिरवावा. पाणी वाळूच दिले नाही, तर क्षार बसत नाहीत.