पेटी की कीबोर्ड?

प्रश्न : ताई, आमच्या चर्चच्या मंडळीत कमिटीच्या इलेक्शनपासून दोन गट पडलेत, पेटी-तबलावाले डावीकडं, कीबोर्डवाले उजवीकडं, सलामसुद्धा करत नाहीत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, गप्प. काय करावं?
– एक बहीण, नाशिक रोड

उत्तर : अगं, आधी व्हॉट्सॲपवरचे टोमणे बंद करा, निम्मं भांडण तिथंच शिजतं. बायबलात मत्तय 18:15 पासून सरळ सांगितलंय, भाऊ चुकला तर एकट्यात बोल, मग एक-दोघांना ने, मंडळीपुढं शेवटी, आपण नेमकं उलटं करतो! फिलिप्पै शहरातल्या मंडळीच्या दोघी बहिणींना प्रेषित पौलानं पत्रात नावं घेऊन एकचित्त व्हा म्हटलं, वर सोबत्याला मदत करायला लावलं, तेव्हा पाळकसाहेबांनी गप्प बसून कसं चालेल? 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळे चर्च-पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं दीक्षा, लहानपणी की मोठेपणी यावर मतभेद होते तरी दोन्ही पद्धती ठेवल्या, मग पेटी-कीबोर्डचं काय घेऊन बसलात. येत्या रविवारी तूच पलीकडच्या बाकावर जाऊन बस.