‘यकृताचा तुकडा’ इंग्रजीत कसा न्यावा?

प्रश्न : मी अरबीची पदविका घेतली असून, उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या अरबी भाषक रुग्णांची पत्रे इंग्रजीत उतरवून देते. एका आईने मुलाला उद्देशून लिहिलेले ‘फिल्ज़त कबिदी’ हे शब्द मी ‘माझ्या यकृताचा तुकडा’ असे शब्दशः नेले आणि डॉक्टरांना तो यकृताच्या विकाराचा उल्लेख वाटला. असे वाक्प्रचार कसे हाताळावेत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘फिल्ज़त कबिदी’ हे पोटच्या मुलासाठीचे अत्यंत जिव्हाळ्याचे संबोधन आहे. अरबी काव्यपरंपरेत माया आणि शोक यांचे घर यकृतात मानले गेले असून, एका प्राचीन कवीने मुलांना ‘जमिनीवर चालणारी आमची यकृते’ असे म्हटले आहे. आपल्याला हे परके वाटू नये, कारण मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो, त्याचेच नाव घेऊन लेकराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो. नेमके इथेच मराठी अनुवादकाने जपायला हवे : मूळ शब्द आपल्याला इतका सहज उमगतो, की इंग्रजी वाचकाला तो उमगणार नाही हे ध्यानातच येत नाही. इंग्रजीत ‘फ्लेश अँड ब्लड’ आहे. पण त्यात रक्ताच्या नात्यावर भर असल्यामुळे काळजीत पडलेल्या आईच्या तोंडी मी ‘माय प्रेशस चाइल्ड’ असे साधे शब्दच घालीन.

‘अस्लज सद्री’, म्हणजे ‘माझी छाती बर्फासारखी गार केली’, हा प्रयोग आनंदाच्या बातमीसाठी होतो. आपलेही काळीज थंड होते, जीव निवतो. इंग्रजीत मात्र आनंदाने हृदयाला ऊब येते, म्हणून तिथे प्रतिमा उलटी करण्यास कचरू नये. सीरिया-लेबनॉनकडचे ‘तू मला पुरावेस’ हे लाडाचे बोलणे तर रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूची इच्छा वाटेल. तुझ्याआधी मी जावे, माझे आयुष्य तुला लाभो, हा त्यातला भाव आहे.

ज्या वाक्प्रचारामागे गोष्ट असते, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. ‘हुनैनचे दोन जोडे घेऊन परतला’ ही म्हण 1124 मध्ये निवर्तलेल्या निशापूरच्या मैदानींच्या संग्रहात आहे. घासाघीस करून काहीच न घेता गेलेल्या गिऱ्हाइकाच्या वाटेवर हुनैन नावाच्या चांभाराने एक जोडा टाकला आणि दुसरा पुढे बऱ्याच अंतरावर टाकला. दुसरा दिसल्यावर पहिला उचलायला तो मनुष्य उंट सोडून मागे गेला, तेवढ्यात हुनैनने उंट लांबवला. पत्रात ही म्हण आली, तर ‘रिकाम्या हाताने परतला’ एवढे पुरते. कथेच्या अनुवादात मात्र हुनैनला गाळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण फसवणुकीचा सल त्या जोड्यांतच आहे.

तुमच्या कामापुरते सांगायचे, तर पत्रात यकृत, छाती किंवा हृदय आले, की सोबतचे क्रियापद पाहा आणि तो अवयव दुखतो, सुजतो, की केवळ कोणाला हाक मारण्यासाठी आला आहे, हे ठरवा. तरीही शंका उरली, तर अनुवाद डॉक्टरांकडे देण्यापूर्वी त्या आईलाच विचारून घ्या.