खेळण्यातलं यान शोकेससाठी सजवताना: आधी माप, मग रंग

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून भाच्यासाठी घेतलेलं आणि आता त्याने टाकून दिलेलं फूटभर लांबीचं प्लॅस्टिकचं यान आहे. कुठल्या मालिकेतलं नाही, कारखान्यातल्या कुणाच्या तरी कल्पनेतलं. खाली चाकं, वर निळी पारदर्शक काच, आत दिवा आणि आवाज. ते शोकेसमध्ये ठेवण्याजोगं करायचंय, खर्च दीड हजाराच्या आत हवा, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नाही आणि कामाची जागा म्हणजे चाळीच्या गॅलरीतला एक कोपरा. माझ्याआधी उत्तर देणाऱ्या दोघांनी कुठला स्प्रे घ्यावा ते सांगितलंय. मी रंगाकडे जरा उशिरा येतो, कारण निकाल त्याच्या बराच आधी लागलेला असतो.

खेळणं भडक रंगामुळे खेळणं वाटतं असा सर्वसाधारण समज आहे. पण तेच यान नुसतं राखाडी करून ठेवलं तर ते राखाडी खेळणं दिसतं. त्याच्यावरची प्रत्येक गोष्ट लहान मुलाच्या बोटांच्या मापाची असते: जाड रेघा, गोलसर कडा, अंगठ्याएवढ्या खिडक्या. यान प्रत्यक्षात केवढं आहे, आत माणूस किती उंचीचा बसेल, याचा बघणाऱ्याला काही अंदाजच येत नाही. म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिल घेऊन माप ठरवण्याचं. याला पैसा लागत नाही आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

तुमचं यान ३० सेंमी धरू. १:७२ हे प्रमाण घेतलं, म्हणजे खरं यान याच्या ७२ पट धरलं, तर ते साडेएकवीस मीटरचं, म्हणजे लोकलच्या एका डब्याहून किंचित लांब. १:१४४ घेतलं तर ४३ मीटर. इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आहे, जवळपास तेवढंच. १:७०० घेतलं तर २१० मीटर, दहा डब्यांच्या गाडीएवढं. आता त्यात पावणेसहा फुटी माणूस उभा करा. पहिल्या प्रमाणात तो २४ मिमीचा, दुसऱ्यात १२ मिमीचा आणि तिसऱ्यात जेमतेम अडीच मिमीचा. दारं, खिडक्या, शिड्या, कठडे सगळं या माणसावरून काढायचं.

माझा सल्ला १:१४४ चा. १:७२ ला काचेतून आतली आसनं आणि पॅनेल दिसायला हवीत, ते काम वेगळंच आणि वेळखाऊ. १:७०० ला खिडकी एक मिमीच्याही आत जाते आणि हाताने रंगवताना ती सुबक येत नाही. १:१४४ ला माणसाचं दार १४ मिमीचं आणि खिडकी ४ मिमीची. साध्या कटरने आणि धीराने हे जमतं.

माप ठरलं की यानाचा सगळ्यात मोठा शत्रू आपोआप समोर येतो: ती निळी काच. पाच सेंमी रुंदीची काच १:१४४ ला सात मीटरहून रुंद होते. ती तशीच ठेवलीत तर बाकी कितीही मेहनत करा, नजर तिथे जाईल आणि यान पुन्हा खेळणं होईल. काच काढून टाकायची गरज नाही. पॉलिश पेपरने खरवडा, भोवतीची फट एमसीलने बुजवा आणि तो उंचवटा यानाच्याच अंगाचा भाग करून टाका. पुढच्या बाजूला ४ मिमीच्या खिडक्यांची एक ओळ तेवढी काळ्या रंगाने काढा. एवढ्या एका बदलाने यान डोळ्यांसमोर मोठं होतं. चाकंही काढा आणि त्यांच्या खाचा बंद करा, एक तेवढी स्टँडसाठी मोकळी ठेवा. स्क्रूची भोकं मात्र बुजवू नका, पुढे दिव्यासाठी यान उघडावं लागेल.

जाडीचाही हिशेब हवा. मुदत संपलेली एटीएम कार्डं पॅनेलसाठी सगळे वापरतात, मीही वापरतो. पण कार्डाची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे १:१४४ ला ११ सेंमीचा पत्रा. चिलखती भाग, इंजिनाभोवतीचं आवरण यांना तो शोभतो. सगळीकडे तोच लावला तर यान विटांचं बांधकाम वाटतं. पातळ पॅनेलसाठी झेरॉक्सचा कागद किंवा स्टिकरचा कागद घ्या, तो ०.१ मिमीच्या आसपास असतो. चिकटवल्यावर कडेवरून पातळ सुपरग्लू फिरवा, म्हणजे कागदाचे तंतू रंगात फुगत नाहीत.

रेघांचंही तसंच. एक मिमी रुंदीची कोरलेली रेघ म्हणजे खऱ्या यानाच्या अंगावर १४ सेंमीची फट. अमेरिकी स्पेस शटलच्या पोटावरच्या काळ्या टाइल्स साधारण १५ सेंमी चौरस होत्या, म्हणजे त्या फटीत जवळजवळ एक आख्खी टाइल बसेल. खेळण्यावर साच्यातच आलेल्या जाड खाचा एनसी पुट्टीने भरून घासा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ती छोट्या डब्यात मिळते. पातळ थर द्या, वाळला की दुसरा; एकदम जाड भरली तर आक्रसून तडकते. नव्या रेघा कोरण्यापेक्षा रंगावर ०.३ किंवा ०.५ च्या पेन्सिलीने, पट्टी धरून काढा आणि वरून मॅट वार्निश मारा. एवढ्या लहान मापात कोरीव रेघेपेक्षा ही रेघ खरी वाटते.

आता प्लॅस्टिक. यानाच्या आतल्या बाजूचा एखादा छोटा तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घाला, नाहीतर पृष्ठताणामुळे बुडणारा तुकडाही वर तरंगतो. बुडाला तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिन. दोन्हींवर रंग चांगला बसतो. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. यांच्यावर साधा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नखानेही सालपटासारखा निघतो, त्यासाठी गाड्यांच्या बंपरवर वापरतात तो प्लॅस्टिक प्रायमर घ्यावा लागतो. रबरासारखे मऊ भाग, नळ्या किंवा टोकं असतील तर ती काढून फेका. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि त्यावरचा रंग महिनोन्महिने चिकट राहतो. परीक्षा झाली की सगळे भाग साबणाने धुऊन वाळवा. साच्यातून काढताना लावलेला तेलाचा थर त्यांच्यावर असतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो: ग्रीबल्स, म्हणजे यंत्रासारखे दिसणारे बारीकसारीक तुकडे. १९७०च्या दशकात चित्रपटांसाठी यानं बनवणारे कारागीर रणगाड्यांच्या आणि युद्धनौकांच्या जोडायच्या मॉडेल-किटमधले भाग सुटे करून यानांवर चिकटवायचे. आपल्याला किटचा खर्च परवडणारा नाही, पण आपल्या शहरात दुसरी खाण आहे. लॅमिंग्टन रोडवर बंद पडलेल्या रेडिओ-रिमोटचे सुटे भाग आणि छापील सर्किटसाठीचे बारीक ड्रिल मिळतात. चोरबाजारात मोडक्या घड्याळांची चक्रं मिळतात. झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथून बारीक कानशींचा एक साधा संच आणि टोकदार चिमटा घ्या. हत्यारांवर एवढाच खर्च करा. बाकी घरातच आहे: गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचे घुमट, दाढीच्या रेझरची डोकी, रिफिलमधली स्प्रिंग, जुन्या टेलिफोनच्या वायरमधली तार पाइपलाइनसाठी. आणि टिकल्या! मखमली नकोत, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या घ्या. पाच मिमीची टिकली १:१४४ ला ७२ सेंमीचं गोल झाकण होते, मागे गोंद लावलेलाच असतो आणि एका पाकिटात सगळ्या एकाच मापाच्या, कारखान्यातून आल्यासारख्या नेमक्या.

दोन गोष्टी सांभाळा. वस्तू ओळखू येता कामा नये. यूएसबीचं तोंड किंवा रिमोटचं बटण दिसलं की बघणारा हसतो. ते अर्धं कापा, उलटं लावा, दुसऱ्या तुकड्याखाली दडवा. आणि सर्किटची पाटी कापलीत तर ती घासू नका, तिची काचतंतूंची धूळ फुप्फुसांना वाईट. हातही धुवा, जुन्या जोडांत शिसं असतं. कार्डं गरम सुईने भोसकू नका, तापलेल्या पीव्हीसीतून आम्लाचा वायू निघतो.

तुकडे कुठे लावायचे, हे शिकायला गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसा आणि बंदरात नांगरलेली मालवाहू जहाजं नीट बघा. दीड-दोनशे मीटरच्या जहाजाचं अंग बहुतेक कोरं असतं, नुसता रंगवलेला पोलाद. तपशील दाटतो तो ठरावीक जागी: कप्तानाच्या खोलीभोवती, क्रेनच्या पायथ्याशी, नांगराच्या तोंडाशी. त्या कोऱ्या अंगामुळेच जहाज प्रचंड वाटतं. नवशिके यानाचा प्रत्येक चौरस सेंमी तुकड्यांनी भरतात आणि मग नजरेला विसावा उरत नाही. तुमच्या यानावर तीन जागा निवडा: इंजिनाभोवती, पोटाखालची एक खाच आणि पाठीवरचा एक पट्टा. उरलेलं अंग कोरं ठेवा, फार तर कागदी पॅनेल आणि पेन्सिलीच्या रेघा.

आता रंग. बजेटमधला मोठा वाटा दोन डब्यांवर जाऊ द्या: राखाडी प्रायमर आणि मॅट क्लिअर, म्हणजे शेवटी वरून मारायचं ते बिनचमकीचं पारदर्शक वार्निश. यांत काटकसर करू नका. मधले रंग फेविक्रिल किंवा कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकचे चालतात, ब्रशने, पाणी घालून पातळ करून, दोन-तीन थरांत. प्रायमर वीस-पंचवीस सेंमीवरून, हात सतत हलता ठेवून, भुरभुरता मारा. जाड मारलात तर त्यातली द्रावणं पॉलिस्टायरिनला खातात. आधी आतल्या बाजूला मारून बघा. शुद्ध पांढरा कुठेही लावू नका, त्यात राखाडीचा थेंब हवाच. लहान वस्तूवर शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा दोन्ही खोटे दिसतात. एकाच राखाडीच्या तीन छटा करून काही पॅनेल एका छटेत, काही दुसऱ्या छटेत रंगवा. शटलवर हेच दिसायचं: उड्डाणांनी फिकट पडलेल्या टाइल्सच्या मधे नव्याने बसवलेली एखादी गडद काळी.

जुनेपणा दाखवताना गंज मात्र नको. बरेच जण सवयीने तपकिरी ओघळ काढतात. गंजाला ओलावा आणि प्राणवायू लागतो; अंतराळात फिरणाऱ्या यानावर तो येणार कुठून? काजळी काढा, ती इंजिनाच्या आणि दिशा बदलणाऱ्या छोट्या थ्रस्टर्सच्या तोंडाशी. यान वातावरणात उतरतं असं ठरवलं असेल तर नाकाकडून शेपटीकडे जाणारे फिकट पट्टे. काळ्यात थोडा तपकिरी मिसळून खूप पातळ करा, भांड्याच्या साबणाचा थेंब घाला, ग्रीबल्सच्या खाचांत सोडा आणि वरचं कापसाने पुसा. तुकडे वेगवेगळ्या वस्तूंमधून आलेत हे या एका धुण्याने झाकलं जातं.

मुंबईची हवा इथे आडवी येते. पावसाळ्यात स्प्रे मारला की वाळताना त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि पांढुरकी साय येते, मॅट क्लिअरवर तर हमखास. जून ते सप्टेंबर कापाकापी, चिकटवणं आणि ब्रशकाम उरका आणि क्लिअर ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवा. थांबणं शक्यच नसेल तर पाऊस उघडलेली दुपार बघा आणि डबा आधी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ कधीच नाही, त्यातला वायू पेटतो. गॅलरीत मारताना खोक्याच्या आत मारा, तोंडावर मास्क ठेवा आणि शेजाऱ्यांच्या दोरीवर कपडे वाळत नाहीत ना ते बघा.

दिवे हवेच असतील तर खेळण्यातला लुकलुकणारा संच काढून टाका. इंजिनासाठी ३ मिमीचे दोन पांढरे एलईडी पुरेत, मोबाइलच्या चार्जरवरून ५ व्होल्ट घेऊन प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर. त्याआधी यान आतून काळं रंगवा आणि त्यावर चंदेरी. नाहीतर उजेड प्लॅस्टिकमधून झिरपतो आणि अख्खं यान कंदिलासारखं उजळतं.

स्टँडसाठी चाकाच्या त्या मोकळ्या खाचेतूनच जाड तार किंवा अ‍ॅक्रिलिकची कांडी घ्या, वायरही तिच्या कडेने उतरते. सुताराकडून लाकडाचा एखादा उरलेला तुकडा मिळाला तर तळ झाला. नाक किंचित वर आणि यान एका बाजूला जरासं कललेलं ठेवा. भाच्याला दाखवा, पण हातात देऊ नका. त्यावरचे टिकलीएवढे तुकडे आता लहान मुलाच्या तोंडात जाण्याजोगे आहेत.

सध्या काही विकत घेऊ नका. आधी तो तुकडा पाण्यात टाका आणि तरंगला की बुडाला ते लिहा. तरंगला तर प्रायमर बदलेल आणि दीड हजाराचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल; तो मी इथेच मांडून देईन. यानाचा वरून आणि बाजूने एकेक फोटोही टाका, शेजारी पट्टी ठेवून.